ओपनडब्ल्यूआरटी घरी बिल्ड केलं, पण वायरगार्ड बसत नाही

सिडकोकर: मंडळी, जुना राउटर आहे, फ्लॅश १६ एमबी आणि रॅम १२८. ओपनडब्ल्यूआरटीचा (राउटरसाठीची लिनक्स सिस्टीम) सोर्स क्लोन करून मेनूकॉन्फिगमध्ये (बिल्डचे पर्याय निवडायचा मेनू) हवं ते टिक केलं, कर्नलचे (सिस्टीमच्या गाभ्याचे) पण दोन-चार ऑप्शन बदलले, लॅपटॉप रात्रभर घोंघावत होता, सकाळी इमेज (राउटरवर टाकायची फाइल) तयार. वायफाय मस्त चालतंय, पण अधिकृत रेपोमधून वायरगार्ड व्हीपीएनचं मॉड्यूल टाकायला गेलो तर कर्नल जुळत नाही म्हणतंय. व्हर्जन तर सेमच आहे ना राव?

पंचवटीवाला: व्हर्जन सेम असून उपयोग नाही भाऊ. कर्नलचे ऑप्शन बदललेस की कॉन्फिगचा हॅश (त्यावरून निघणारा ओळख-कोड) बदलतो आणि केमॉड (कर्नल मॉड्यूलची) पॅकेजेस तोच हॅश तपासतात. बळजबरीने फोर्स करू नकोस, उगाच क्रॅश होत बसेल. एकतर वायरगार्ड तुझ्याच बिल्डमध्ये निवड, नाहीतर सरळ इमेजबिल्डर घे, त्यात कंपाइल काही होत नाही, तयार पॅकेजेस जोडून काही मिनिटांत इमेज, कर्नल अधिकृतच. जे नको त्याच्या नावाआधी वजाचं चिन्ह दे.

सातपूर_नाइट_शिफ्ट: आणि जागा पण वाचते. नंतर राउटरवरून मूळ पॅकेज काढलं तरी जागा सुटत नाही, ते रीड-ओन्ली स्क्वॅशएफएस फाइलसिस्टीममध्ये तसंच पडून राहतं. मी हे दोन रविवार घालवून शिकलो 😅

सिडकोकर: इमेज झाली! आधी अडलं होतं, फोल्डरच्या नावात स्पेस होती. बायकोची मीटिंग संपली की फ्लॅश करतो.