मदत हवी आहे: मायचं कंबरेचं ऑपरेशन होऊन १४ महिने झाले, तरी पाय जळतोच आहे

नमस्कार. मी जळगावला असते, माहेर चोपडा तालुक्यातलं, तापीकाठचं. प्रश्न आईचा आहे. वय ५८. आम्ही तिला माय म्हणतो, इथेही तेच लिहिते.

मायचं सगळं आयुष्य शेतात गेलं. कापूस वेचणं, निंदणी, केळीच्या बागेतली पडेल ती कामं, आणि घरी आल्यावर खाली बसून भाकरी. दोन-अडीच वर्षं तिच्या उजव्या पायात सणक होती. कुल्ल्यापासून निघायची, पिंढरीच्या बाहेरच्या बाजूने खाली अंगठ्यापर्यंत जायची. सुया झाल्या, मालिश झालं, पट्टा झाला. शेवटी एमआरआय काढला. एल ४ आणि एल ५ (कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका) यांच्यामधली गादी सरकून शीर दबली होती, मणकाही थोडा पुढे आलेला होता. एका मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. गादी काढली, चार स्क्रू आणि दोन रॉड टाकले.

पहिले तीन महिने माय खरंच छान होती. पायातली सणक गेली म्हणून तिने गावातल्या मारुतीला नारळ फोडला. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, आणि माय खापरावरचे मांडे करते. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झुलवत मोठी करायची आणि उपड्या खापरावर टाकायची, हे काम गावात मायसारखं कुणाला जमत नाही. त्या दिवशी चार पोळ्या झाल्या आणि ती भिंतीला धरून उठली. पाय पुन्हा पेटला होता. तेव्हापासून थांबलेला नाही.

आता दुखणं पहिल्यासारखं नाही. तेव्हा सणक यायची, आता जळतं. रात्री चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. शिवाय कंबरेत खाली, उजव्या अंगाला एक वेगळा ठणका आहे, तो बसून उठताना जास्त. पुन्हा एमआरआय झाला. स्क्रू जागेवर आहेत आणि शिरेभोवती व्रण दिसतो असं लिहिलंय. ऑपरेशन केलेले डॉक्टर म्हणाले, "आमच्या बाजूने ऑपरेशन यशस्वी आहे." दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा उघडून बघू असं सांगितलं. रात्री शिरेच्या दुखण्यावरची प्रिगॅबालिन ७५ ची गोळी चालू आहे. गावात दुखणं फार वाढलं की डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची सुई घेतात. तिला सात वर्षांपासून शुगर आहे. मशेरीही लावते.

सगळ्यात वाईट वाटतं ते हे, की मायने दुखतं म्हणणंच सोडलंय. येणारा-जाणारा एकच विचारतो, "ऑपरेशन व्हयनं ना, मंग काबं दुखस?" (झालं ना, मग का दुखतं?) एवढा पैसा घालून दुखतं म्हणायचं म्हणजे मुलाच्या खर्चाचा अपमान, असं तिला वाटतं. मी खोदून विचारलं तर म्हणाली, "रोज काय सांगू, पाय जळस." आणि तोंड फिरवलं.

माझे प्रश्न: हे दुखणं नेमकं कशाचं? दुसरं ऑपरेशन करावं का? आणि करायचं नसेल तर घरी काय करता येईल? वहिनी तिचं सगळं मनापासून करते, पण तिलाही काय करावं हे कुणी सांगितलेलं नाही.

प्रतिसाद १

ताई, मी वेदना उपचाराचं काम करणारा डॉक्टर आहे, मूळचा धुळ्याचा. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण दिशा सांगतो.

आधी हे आईंना वाचून दाखवा. कंबरेच्या ऑपरेशननंतर दुखणं राहणं किंवा परत येणं हा ओळखीचा आजार आहे. पूर्वी त्याला फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम, म्हणजे पाठीचं फसलेलं ऑपरेशन, म्हणत. त्या नावात कुणीतरी चुकलं असा सूर होता, म्हणून २०२१ मध्ये पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम टाइप २ (टिकून राहणारं मणक्याचं दुखणं, प्रकार २) हे नाव सुचवलं गेलं. स्क्रू जागेवर असणं आणि रुग्णाला दुखणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ऑपरेशनने शिरेवरचा दाब निघतो. पण शीर दोन-अडीच वर्षं दाबली गेली असेल तर तिला आतून झालेली इजा लगेच भरत नाही, कधी पूर्ण भरतही नाही. अशी शीर स्वतःहूनच चुकीचे निरोप मेंदूकडे पाठवत राहते. जळणं, चादर सहन न होणं ही त्याच प्रकारच्या दुखण्याची भाषा आहे. शुगरनेही नसा दुखावतात, पण तिथे जळजळ बहुधा दोन्ही पायांत आणि तळव्यांपासून सुरू होते. म्हणून डावा तळवा जळतो का, हे जरूर विचारा.

तुम्ही दोन दुखणी वेगळी करून लिहिलीत, हे फार मोलाचं आहे. पायातलं जळणं शिरेचं वाटतं. कंबरेचा ठणका स्नायूंचा, स्क्रूच्या वरच्या-खालच्या मणक्याचा किंवा माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या बाजूच्या सांध्याचा असू शकतो. मणके जोडल्यावर त्या सांध्यावर ताण वाढतो. या दोन दुखण्यांना एकच औषध चालत नाही.

एमआरआय काँट्रास्टचं इंजेक्शन देऊन केला होता का, ते बघा. ऑपरेशन झालेल्या पाठीत व्रण कोणता आणि पुन्हा सरकलेली गादी कोणती, हे त्याने जास्त स्पष्ट होतं. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, करावी लागते. पुढे-मागे वाकवून काढलेले एक्सरे आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन यांवरून स्क्रू टाकून जोडलेल्या मणक्यांचं हाड जुळलं की नाही ते कळतं. व्रण मात्र ऑपरेशन झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीत असतो. नुसता व्रण दिसला म्हणून पुन्हा उघडायचं नसतं, कारण पुन्हा उघडलं की पुन्हा व्रण होतो. दर पुढच्या ऑपरेशनला आराम पडण्याची शक्यता कमी होत जाते. गादी पुन्हा सरकलेली असेल, स्क्रू ढिला असेल, मणका हलत असेल किंवा पायाची ताकद जात असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा: "उघडून नेमकं काय दुरुस्त करणार?" याचं ठोस उत्तर मिळालं नाही तर थांबा.

डायक्लोफिनॅकची सुई बंद व्हायला हवी. शिरेच्या जळण्यावर ती फारशी चालत नाही, आणि शुगर असलेल्या माणसाच्या किडनीला ती महाग पडते. प्रिगॅबालिनचा डोसही किडनी बघूनच ठरतो. गोळी मनाने वाढवू नका आणि एकदम तोडूही नका. तिच्याऐवजी किंवा जोडीला शिरेच्या दुखण्यावर ड्युलॉक्सेटिन, नॉरट्रिप्टिलीन अशी औषधं असतात. शिरेच्या मुळाशी इंजेक्शनही देता येतं, पण त्यात स्टेरॉइड असेल तर काही दिवस शुगर वाढते, हे आधी सांगून ठेवा. मशेरीतलं निकोटिन हाड जुळण्याच्या आड येतं. ती सुटली तर निम्मं काम झालं असं मी म्हणणार नाही, पण सोडायलाच हवी.

लघवी अडणं किंवा नकळत होणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल लटकं पडणं, ताप येणं किंवा टाक्यातून पाणी येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र काढू नका.

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या बधिरीकरणशास्त्र विभागात पेन क्लिनिकची चौकशी करा. हे काम बहुधा त्याच विभागाकडे असतं.

प्रतिसाद २

मी भुसावळची, माझी दोन ऑपरेशनं झाली आहेत. दुसऱ्याचा मला उपयोग झाला नाही. माझ्यासाठी फरक पडला तो चालण्याने. आधी पाच मिनिटं, तीही रोज तेवढीच. बरं वाटलं म्हणून एका दिवशी अर्धा तास चालायचं आणि मग तीन दिवस पडून राहायचं, ही माझी मोठी चूक होती. दुखो न दुखो, ठरलेलं तेवढंच चालायचं आणि आठवड्याने एक मिनिट वाढवायचं. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पहाटे साडेपाचलाच उरकावं लागतं.

खाली बसणं बंद करा. गॅस ओट्यावर घ्या, भाकरी उभ्याने थापता येते. पट्टा दिवसभर बांधून ठेवला तर कंबर त्याच्यावरच विसंबते, प्रवासापुरता ठेवा. आणि ताई, त्यांना घरातलं एक तरी काम राहू द्या. सगळ्यांनी मिळून मला बाजेवर बसवलं, तेव्हा माझं दुखणं सगळ्यात जास्त वाढलं होतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी गावी गेले होते. डॉक्टरांचा प्रतिसाद मायला मोठ्याने वाचून दाखवला. "स्क्रू जागेवर असणं आणि रुग्णाला दुखणं" हे वाक्य तिने मला दोनदा वाचायला लावलं. भाऊही बाजूला बसून ऐकत होता. त्याने विचारलं, "माय, तू हे आधी का नाही बोललीस?" ती रडली. मग बोलायला लागली.

डावा तळवा जळत नाही. उजव्या पायाचा अंगठा मी हाताने दाबून वर उचलायला सांगितला, तर डाव्यापेक्षा ताकद कमी वाटली. हे नवीन आहे की ऑपरेशनआधीपासूनचं, तिला सांगता येत नाही. एमआरआय साधाच झाला होता. आणि एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती: प्रिगॅबालिनची गोळी ती तीन-चार दिवसांतून एकदाच घेत होती. गोळी घेतली की पहाटे चारला उठून पाणी तापवताना घेरी यायची, आणि सुनेवर काम पडायला नको म्हणून ती गोळीच टाळायची. म्हणजे औषध लागू पडलं नाही असं आम्ही सगळ्या डॉक्टरांना सांगत होतो, आणि ते तिने नीट घेतलेलंच नव्हतं.

वहिनीने पाणी तापवायचं स्वतःकडे घेतलंय. मायकडे भाजी निवडणं आणि संध्याकाळचा दिवा ठेवलाय, खुर्चीवर बसून. अंगठ्याचं ऐकून भाऊ थांबायला तयार नाही, उद्याच तिला जळगावला घेऊन येतोय. जाताना जुने-नवे दोन्ही एमआरआय आणि डिस्चार्ज कार्ड सोबत घेऊ. आणखी कुठले कागद लागतील का? क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला की इथेच लिहीन.