त्याला वाचायला नको, ऐकायला द्या
ताई, मुलगा पहिलीत, शाळा इंग्रजी, घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि पुस्तक दिसलं की पोरगं पसार, असं तुम्ही लिहिलंय. माझं ठाम मत आहे, सध्या त्याला 'वाच' म्हणूच नका. दिवसभर शाळेत अक्षरंच लावतोय तो. रात्री तुम्ही वाचा, तेही घरच्या मराठीत. मध्येच 'हे अक्षर कुठलं?' विचारलंत की गोष्ट तिथंच मेली.

माझा भाचा असाच होता. त्याला जेसीबीचं वेड. जेसीबीच्या चित्रांचं एक पातळ पुस्तक आणलं, तर एकाच पानावर बोट ठेवून बसायचा, बकेटचे दात मोजायचा, पान उलटू द्यायचा नाही. बसू द्यावं. तेही वाचनच आहे.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर चित्रगोष्टी फुकट आहेत, मराठीत आणि कन्नडमध्येही. शेजारच्या कन्नड मित्राला बोलवा, एकच गोष्ट दोन्ही भाषांत वाचा. पोरांना फार मजा येते. थोडा मोठा झाला की बालभारतीचं 'किशोर' मासिक आहेच, १९७१ पासून निघतंय.

आणि हिवाळ्यात बेळगावजवळ कडोली, उचगाव, येळ्ळूरकडं मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथं न्या त्याला. पुस्तकांच्या स्टॉलवर त्याचं त्याला निवडू द्या. तुम्हाला फालतू वाटलं तरी तेच घ्या, आणि पैसे त्याच्याच हातानं द्यायला लावा.