रोडमॅप शीटवर ठरवायचा का खेडा खरेदीच्या काट्यावर?

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. जळगावात एका छोट्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आहे. कापूस व्यापारी आणि जिनिंगवाल्यांसाठी (कापसातून सरकी वेगळी काढणारे) आमचं ॲप आहे, सौदा, वजन, हिशोबाची पट्टी, पेमेंट सगळं त्यात. गेल्या वर्षीचा रोडमॅप, म्हणजे कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर ही यादी, मी शीटमध्ये राइस स्कोअर काढून लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही इंटरकॉम कंपनीतल्या लोकांनी काढलेली पद्धत, रीच म्हणजे किती जणांना उपयोग, इम्पॅक्ट म्हणजे किती फरक, कॉन्फिडन्स म्हणजे आपली खात्री, या तिघांचा गुणाकार करायचा आणि कामाला किती माणसी महिने लागतील त्याने भागायचं.

मालकांसाठीचा डॅशबोर्ड: रीच ३००, इम्पॅक्ट १, खात्री ८० टक्के, एक महिना. आले २४०. नेटवर्क नसताना वजन भरायची सोय: रीच १२०, इम्पॅक्ट २, खात्री ५० टक्के, तीन महिने. आले ४०. डॅशबोर्ड वर गेला, मागून अजून दोन-तीन सोप्या गोष्टी वर गेल्या, ऑफलाइनचं काम नोव्हेंबरात सुरू झालं आणि फेब्रुवारीत हातात आलं. तेव्हा खेडा खरेदी, म्हणजे व्यापाऱ्याने गावात जाऊन कापूस घेणं, जवळपास आटोपलेली.

डिसेंबरात धरणगावकडच्या एका खेड्यात व्यापाऱ्यासोबत गेलो होतो. पुढच्या खोलीत पार आढ्याला टेकलेला कापूस, अंगणात टेम्पो, हमाल गाठोडं काट्यावर ठेवतात आणि मुनीम मोबाइल हातात धरून उभा, स्क्रीनवर चक्र फिरतंय, फिरतंय, फिरतंय. मागून आवाज आला "लिहा ना भो लवकर". त्याने मोबाइल खिशात घातला आणि वहीत वजन टिपलं. मग रात्री ११ वाजता सगळं ॲपमध्ये भरायला बसला, त्यात एका शेतकऱ्याचं वजन दुसऱ्याच्या नावावर पडलं. दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याने गावासमोर सांगितलं की व्यापाऱ्याने काटा मारला. चूक आमची आणि नाव गेलं त्या माणसाचं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, शीट बंद करा. सीझनमध्ये प्रॉडक्ट मॅनेजरने महिन्याचे चार दिवस काट्यावर बसावं आणि तिथे जे अडतं त्याच क्रमाने रोडमॅप लावावा.

धुळेकर_पुण्यात:
भाऊ, वाईट झालं पण शीटला कशाला दोष देता? रीच १२० कुठून आणलं? खेड्यात खरेदी करणारे सगळेच धरायला हवे होते ना. आता तुम्हीच सांगितलेलं भरतो: रीच ३००, इम्पॅक्ट ३, खात्री १०० टक्के, तीन महिने. येतात ३००. डॅशबोर्डच्या वर! म्हणजे सूत्र बरोबर होतं, आकडे ऑफिसात बसून भरलेले होते. आणि शीट बंद केली की काय होतं ते मी पुण्यात पाहिलंय, ज्याचा आवाज मोठा त्याचं फीचर पहिलं. निदान शीटमुळे भांडण आकड्यावर होतं, माणसावर होत नाही.

गिरणाकाठ:
मान्य, आकडे चुकले. पण दादा ते बरोबर आकडे मिळाले कुठे? काट्यावरच ना. आणि दुसरी गोष्ट, समजा तुमचे ३०० धरले. जुलैत काम धरलं असतं तरी स्कोअर ३००, नोव्हेंबरात धरलं तरी ३००च. जुलैत धरलं तर दसऱ्याआधी हातात, नोव्हेंबरात धरलं तर पुढच्या सीझनपर्यंत पडून. आपल्याकडे गणपतीत मुहूर्ताची खरेदी होते, दिवाळीला माल जोरात येतो, त्या सूत्रात गणपती कुठे आहे?

तापीमाय:
हा मुद्दा खरा आहे. यालाच कॉस्ट ऑफ डिले म्हणतात, प्रॉडक्ट डेव्हलपमेंटवर पुस्तकं लिहिणाऱ्या डॉन राइनर्टसन यांनी यावर बरंच लिहिलंय. उशीर झाला तर दर आठवड्याला काय बुडतं ते विचारायचं. डॅशबोर्ड मार्चमध्ये आला तरी मालक मार्चमध्ये बघेल, बिघडत नाही. वजनाची सोय मार्चमध्ये आली तर वर्ष गेलं. पेरणी आठ दिवस लांबली तर काय होतं हे ज्याच्या घरात शेती आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही, आणि आपण सॉफ्टवेअरात गेलो की तेच विसरतो.

बोदवडचा:
मी सेल्सला आहे, जरा कडू बोलतो. चार दिवस काट्यावर बसा, चांगलंच आहे, पण पगार कोण देतो? आमचा एक जिनिंगवाला एकटा निम्मा धंदा देतो. त्याला गाठींचा वेगळा रिपोर्ट पाहिजे, १७० किलोच्या रुईच्या गाठीमागे कापूस किती लागला, सरकी किती निघाली असा. रीच एक. शीटमध्ये तळाला आणि तुमच्या काट्यावर तर तो दिसणारच नाही, कारण तो खेड्यात जातच नाही. तो उद्या गेला तर ऑफलाइन बनवायला डेव्हलपर ठेवाल कशावर? आणि गिऱ्हाइकाला तारीख लागते. "आत्ता, पुढे, नंतर" असे तीन रकाने दाखवले तर तो विचारतो नंतर म्हणजे कधी रे भो.

गिरणाकाठ:
भाऊ, तुमचा त्रास समजतो, मोठ्या गिऱ्हाइकाचं ऐकावंच लागतं. पण एकाचा रिपोर्ट केला की दुसरा येतो, वर्षाच्या शेवटी आपण प्रॉडक्ट कंपनी राहत नाही, ऑर्डरप्रमाणे शिवून देणारा टेलर होतो. त्याला डेटा एक्सेलमध्ये काढून द्या, रिपोर्ट त्याचा मुनीम बनवेल. तारखेचं म्हणाल तर मी पण मऊ पडतो, सीझनशी बांधलेल्या कामाला तारीख द्यावीच, बाकीच्याला नको.

बोदवडचा:
एक्सेलचं विचारतो त्याला. चालेल असं वाटत नाही, पण विचारतो.

धुळेकर_पुण्यात:
मी अजूनही शीट सोडणार नाही. एका खेड्यात जे दिसलं ते सगळ्या तालुक्यांत तसंच असेल कशावरून? रावेरकडे नेटवर्क चांगलं असेल तर? चार दिवसांत तुम्ही किती काटे बघणार? तुमच्या मनात तो एक शेतकरी बसलाय, आणि बसायलाच पाहिजे, पण रोडमॅप त्या एकावर लावू नका. दहा गावं बघा, मग खात्रीचा आकडा भरा. आणि शीटमध्ये एक रकाना वाढवा, "कधीच्या आत".

गिरणाकाठ:
रकाना आजच टाकतो. शीटवर आपलं जमणार नाही दादा, दहा गावांचं मात्र पटलं. यंदा मुहूर्ताच्या खरेदीपासून सुरू करतो, धरणगाव, एरंडोल, मग जामनेरकडे. गणपतीला गावी येणार असाल तर चला सोबत, माझ्या गाडीवर मागची सीट रिकामी आहे.

धुळेकर_पुण्यात:
येतो. लॅपटॉप आणतोय, तिथेच भरू.