मदत हवी आहे : जखमी रानसशाला बाहेरच ठेवून हिवाळा कसा काढू द्यावा?

नमस्कार मंडळी,

घरामागच्या झुडपांत एक रानससा वावरतो आहे आणि त्याच्या मागच्या उजव्या पायाला दुखापत झाली आहे. तो पाय टेकवत नाही, तीन पायांवरच उड्या मारतो. जवळ न जाता दुर्बिणीतून दिसलं ते असं : पाय लोंबकळत नाही, हाड बाहेर आलेलं नाही. मांडीवरचे केस गेलेत आणि तिथे सुकलेली खपली आहे. डोळे स्वच्छ आहेत, कान चाहूल घेत फिरतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर येऊन गवत खातो. कुणाची चाहूल लागली की लंगडत का होईना, झुडपात शिरतो.

काळजी आहे ती थंडीची. रात्री पारा शून्याखाली जाऊ लागलाय आणि लवकरच बर्फ पडेल. धडधाकट रानससा एवढी थंडी सोसतो, हे मला माहीत आहे. तो शीतनिद्रा घेत नाही, हिवाळ्यात त्याचे केस दाट होतात, आणि गवत संपलं की साली, कळ्या, कोवळ्या डहाळ्या कुरतडून तो जगतो. पण याला बीळ उकरता येईल का? खाणं शोधत लांब जाता येईल का? कोल्हा किंवा मांजर मागे लागलं तर निसटेल का?

घरातल्यांचं म्हणणं, पकडून आत आणू, पिंजऱ्यात ठेवू, बरा झाला की सोडू. माझं मन त्याला तयार होत नाही. रानससा माणसाला शिकारी समजतो. पकडताना त्याने मागचे पाय जोरात झाडले तर पाठीचा कणासुद्धा मोडू शकतो, आणि नुसत्या भीतीच्या धक्क्यानेही असे प्राणी दगावतात. शिवाय उबदार घरात काही आठवडे काढून त्याला भर थंडीत पुन्हा बाहेर सोडणं म्हणजे निराळीच शिक्षा.

म्हणून विचारतोय. त्याला हात न लावता निवारा कसा करावा? खायला काय ठेवावं आणि काय अजिबात ठेवू नये? जखमेसाठी खाण्यातून औषध देता येतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं : आता पकडायलाच हवं, ही वेळ कशी ओळखायची? ज्यांनी वन्यप्राण्यांची शुश्रूषा केली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. हा जीव वाचावा असं फार वाटतं.

प्रतिसाद

जखमी वन्यप्राण्यांच्या शुश्रूषेचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. तुमच्या वर्णनावरून सध्या त्याला बाहेरच राहू द्यावं. खातोय, लपतोय आणि खपली कोरडी आहे, या तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूने आहेत. सशाचं हाड मोडलं असलं तरी काही आठवड्यांत जुळून येतं. थोडं वाकडं जुळतं, पण तसे ससे रानात जगतात.

औषधाचं आधी सांगतो, कारण त्यात चूक झाली तर सुधारता येत नाही. घरातली कुठलीही गोळी खाण्यात मिसळू नका. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं सशाच्या पोटात गेली की आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात, घातक जीवाणू माजतात आणि ससा जातो. औषध ठरवायचं ते सशांची माहिती असलेल्या पशुवैद्यानेच.

निवाऱ्यासाठी फांद्यांचा ढीग सर्वात उत्तम. खाली दंडाएवढे जाड ओंडके आडवे-उभे रचा, मध्ये पोकळी राहू द्या. वर बारीक फांद्या आणि सगळ्यात वर झावळ्या किंवा सदाहरित झाडाच्या डहाळ्या, म्हणजे पाऊस-बर्फ आत झिरपत नाही. दोन वाटा ठेवाच. एकीकडून मांजर आलं तर दुसरीकडून निघता यायला हवं. वाट वीतभरापेक्षा मोठी नको, आणि लंगड्या पायाला उंबरठाही नको, जमिनीला सपाट असावी. जागा पाणी न साचणारी आणि वाऱ्याच्या आडोशाची निवडा. कोरडी थंडी ससा काढतो, पण केस भिजून वर वारा लागला की त्याच्या अंगात ऊब राहत नाही. आत कोरडा पेंढा घाला. त्याच्या पोकळ काड्यांत हवा अडकते. घोंगडी, चादरी, जुने कपडे नकोत. ते ओल धरतात आणि गोठतात.

खाण्यात मुख्य म्हणजे वाळलेलं गवत, हवं तेवढं. सोबत सफरचंद, विलो किंवा हेझलच्या फवारणी न केलेल्या डहाळ्या. पीच, जर्दाळू, चेरी, आलुबुखाराच्या मात्र टाळा. ब्रेड, धान्य, बिस्किटं अजिबात नकोत आणि गाजरांचा ढीगही नको. हिवाळ्यात त्याचं पोट तंतूंवर चालतं, एकदम साखर-पिठूळ पडलं की बिघडतं. खाणं निवाऱ्याच्या आत न ठेवता कडेला ठेवा, थोडंच, आणि जागा अधूनमधून बदला. रोज एकाच ठिकाणी ठेवलं तर शिकाऱ्यालाही ते ठाऊक होतं. पाणी जड, उथळ मातीच्या भांड्यात, पहाटे आणि संध्याकाळी कोमट करून. ससा बर्फ खाऊन तहान भागवतो खरा, पण तो वितळवायला अंगातलीच ऊब खर्च होते.

आता पकडायची वेळ. पाय लोंबकळू लागला, जखम ओली झाली किंवा तिला वास येऊ लागला, मान एका बाजूला कलली, भर दिवसा उघड्यावर बसून राहिला आणि तुम्ही जवळ गेलात तरी हलला नाही, तर थांबू नका. मांजराने चावल्याचा नुसता संशय असला तरी थांबू नका. मांजराच्या दाताची खूण बारीक दिसते, पण जंतू खोलवर जातात.

लेंड्यांवर रोज नजर ठेवा. गोल, कोरड्या, मटाराएवढ्या असतील तर पोट चालू आहे. लहान, वेड्यावाकड्या झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या तर तो उपाशी आहे. सशाचं पोट दिवसभर थांबलं तरी जिवावर बेततं. अजून एक खूण : ससे स्वतःच्या मऊ लेंड्या वाकून तोंडाने उचलून पुन्हा खातात, पोषणासाठी ते आवश्यकच असतं. दुखऱ्या अंगामुळे वाकता आलं नाही तर शेपटीखालचे केस माखून चिकटतात. तसं दिसलं तर वेदना वाढल्या आहेत असं समजा.

पकडायचंच झालं तर हातमोजे घाला, सशांकडून ट्युलॅरेमियासारखे आजार माणसाला होऊ शकतात. अंगावर टॉवेल टाकून अलगद उचला, मागचे पाय खालून आधार देऊन धरा, झाकणाच्या अंधाऱ्या खोक्यात ठेवा आणि खाऊ-पिऊ घालण्याचा आग्रह न करता थेट वन्यजीव बचाव केंद्रात न्या. त्यांना आत्ताच फोन करून ठेवा. पुष्कळ देशांत परवानगीशिवाय रानप्राणी घरी ठेवता येत नाही.

प्रतिसाद

वरचं सगळं पटलं. एक भर घालतो. बर्फ पडला की त्याच्या पाऊलखुणा वाचा. उडी मारताना सशाचे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, म्हणून पुढे दोन लांबट ठसे उमटतात. आता तिथे एकच दिसेल. दुसरा फिकट का होईना उमटू लागला, तर पाय टेकतोय. जवळ न जाता एवढं कळतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हे घरच्यांनाही वाचून दाखवलं, आणि आत आणायचा विषय आता मागे पडला आहे. ओंडके जमवले आहेत. ससा झुडपात असतो तेव्हा दुपारी, आवाज न करता ढीग रचेन. बचाव केंद्रालाही फोन केला. त्यांनी याच खुणा सांगितल्या आणि खाणं थांबलं की लगेच कळवा म्हणाले.

एक शंका उरली. शेजारचं मांजर रात्री इकडे फिरतं. शेजाऱ्यांशी बोलून संध्याकाळपासून सकाळपर्यंत ते घरात राहील असं बघतोय, पण तोवर ढिगाभोवती जाळी लावली तर सशाचीच वाट अडेल का? की काटेरी फांद्या पसरणं बरं? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.