सायप्रसला जायला इस्तंबूलचा वळसा कशाला? भाच्याचं तिकीट एर्जानचं निघतंय

वाईची_मीनल

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय कारण फी भरायची शेवटची तारीख सोमवार आहे. माझ्या भाच्याला सायप्रसच्या एका युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालंय. एजंट म्हणतो सायप्रस म्हणजे युरोपियन युनियन, एकदा मुलगा तिकडे पोचला की पुढचं सगळं सोपं. पण तिकीट बघितलं तर मुंबई–इस्तंबूल–एर्जान असं आहे. मी नकाशा उघडला तर त्याच बेटावर लार्नाका म्हणून मोठं एअरपोर्ट आहे, दुबईहून विमानं जातात तिथे, मग हा उलटा वळसा कशाला? एजंट म्हणाला ताई तिकडून स्वस्त पडतं. आणि अजून एक, राजधानी निकोसियाला अगदी चिकटून एक एअरपोर्ट दिसतंय, धावपट्टी आहे, इमारत आहे, पण फ्लाइट एकही नाही. दाजींनी पतसंस्थेतून कर्ज काढलंय, बहिणीला रात्र रात्र झोप नाही. कोणाला माहिती असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

जहाजी_रत्नागिरी

मीनलताई, आधी पैसे थांबवा, मग बाकीचं वाचा.

मी मर्चंट नेव्हीत आहे, क्रू चेंजसाठी लार्नाकाला चार-पाच वेळा उतरलोय. हिवाळ्यात उतरताना धावपट्टीच्या शेजारी मोठं खारं तळं दिसतं, त्यात फ्लेमिंगोंची गुलाबी रांग, आणि काठावर झाडीत एक जुनी मशीद. तिथून गाडीने तासाभरात लिमासोल, आमच्या कित्येक शिपिंग कंपन्यांची ऑफिसं तिथेच. पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही वाटायचं लार्नाका हे जुनं मुख्य विमानतळ असेल. तसं नाहीये. मुख्य विमानतळ म्हणजे तुम्हाला नकाशात दिसलं ते निकोसियाचं. १९६८ मधे तिथे नवं कोरं टर्मिनल बांधलं होतं, त्या काळात एकदम मॉडर्न. सहा वर्षं चाललं फक्त.

१५ जुलै १९७४ ला ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने सायप्रसचे अध्यक्ष मकारिओस यांच्याविरुद्ध बंड झालं, २० जुलैला तुर्कस्तानचं सैन्य बेटावर उतरलं, आणि विमानतळासाठी दोन्ही बाजू झगडायला लागल्या तेव्हा यूएनच्या शांतिसेनेने मधे पडून ते स्वतःच्या ताब्यात घेतलं. आजही ते यूएनकडेच आहे. सायप्रस एअरवेजचं एक ट्रायडेंट विमान तेव्हापासून तिथेच उभं आहे, सांगाडा झालाय त्याचा. १९७७ साली यूएनच्या परवानगीने अडकलेली बाकीची विमानं उडवून नेली, त्यातलं एक इंग्लंडमधे डक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं पण १९७४ ला त्या शांतिसेनेचे कमांडर आपले जनरल दिवाण प्रेमचंद होते. त्याआधी जनरल थिमय्या होते, ते १९६५ साली सायप्रसमधे ड्युटीवर असतानाच गेले.

त्या युद्धात बेटाचे दोन तुकडे झाले, उत्तर तुर्की सैन्याच्या ताब्यात आणि दक्षिण सायप्रस सरकारकडे. मग दक्षिणेने काय केलं, तर लार्नाकाला जुनी छोटी हवाईपट्टी होती तीच घाईघाईने चालू केली, फेब्रुवारी १९७५ मधे. १९८२ ला पाफोस. युद्धाआधी हॉटेलं फामागुस्ता आणि किरेनियाकडे होती, ती दोन्ही गावं गेली उत्तरेत, आणि टुरिस्ट आता या नव्या विमानतळांच्या आसपास उतरायला लागला. म्हणजे विमानतळ हलला आणि त्याच्या मागे बेटाचं पोटापाण्याचं केंद्रच हललं.

एर्जान आहे उत्तरेत. उत्तरेच्या "देशाला" तुर्कस्तान सोडून जगात कोणी मान्यता दिलेली नाही, भारतानेही नाही. म्हणून इस्तंबूल. स्वस्त-बिस्त काही नाही, दुसरा रस्ताच नाहीये.

टॉवरवाला_काका

जहाजी यांनी बरोबर सांगितलंय, मी हवेतली बाजू सांगतो. मुंबईला ३० वर्षं एअर ट्रॅफिक कंट्रोलर होतो, आता रिटायर्ड.

१९४४ चा शिकागो करार आहे, त्यात आपल्या हद्दीतलं कोणतं विमानतळ आंतरराष्ट्रीय वाहतुकीला उघडं ठेवायचं हे ठरवायचा हक्क त्या देशाच्या सरकारचा. सायप्रस सरकारने ऑक्टोबर १९७४ मधे उत्तरेतली बंदरं आणि विमानतळं बंद म्हणून जाहीर केली. तेव्हापासून जगाच्या लेखी एर्जान बंद आहे, आणि प्रत्यक्षात रोज विमानं उतरतायत, सगळी तुर्कस्तानातून. लंडनहून जरी यायचं तरी आधी तुर्कस्तानात टेकायचं. उत्तरेच्या एका एअरलाइनने लंडनहून थेट उड्डाणाची परवानगी मिळावी म्हणून ब्रिटनमधे कोर्टकचेरी केली, २००९ ला हरले, अपिलात २०१० ला परत हरले. २०२३ च्या जुलैमधे एर्जानला मोठं नवं टर्मिनल उघडलं, पण टर्मिनल कितीही मोठं बांधा, परवानगी काँक्रीटने मिळत नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती वरची गोष्ट. त्या बेटावरच्या आकाशात दोन कंट्रोलर बोलतात. आंतरराष्ट्रीय नियमाने ते आकाश निकोसियाचं, म्हणजे सायप्रस सरकारच्या कंट्रोलरचं. पण उत्तरेकडून येणाऱ्या पायलटला अंकारावाला सांगतो एर्जानशी बोल, आणि निकोसियावाला सांगतो एर्जानच्या सूचना मानू नका. अंकारा आणि निकोसियाची एकमेकांशी लाइनच नाही. म्हणून पायलटने हद्द ओलांडायच्या आधीच स्वतःहून निकोसियाला हाक मारायची असते. आम्ही मुंबईहून कराचीला विमानं द्यायचो. दोन्ही देशांत कितीही तणाव असो, एअरस्पेस उघडी आहे तोवर लाइनवर समोरच्याला विमानाची वेळ, उंची सांगायची, त्याने ती परत वाचून दाखवायची, मगच विमान सोडायचं. इतकी साधी गोष्ट आहे ही, आणि तेवढीसुद्धा तिथे होत नाही. त्या विमानांत बसलेल्या माणसांचा भांडणाशी काय संबंध?

शिवाय सायप्रसमधे नोंदलेल्या विमानाला तुर्कस्तान आपल्या आकाशात येऊ देत नाही. दोन शेजारी, पण लार्नाका ते इस्तंबूल थेट विमान नाही, अथेन्स किंवा अजून कुठूनतरी जा.

अभिजित_एनजीपी

मी उत्तरेत तीन वर्षं शिकून आलोय म्हणून लिहितो. शिक्षण वाईट होतं असं म्हणणार नाही, प्राध्यापक चांगले भेटले, आणि तिथली तुर्की सायप्रियट म्हणजे तुर्की बोलणारी सायप्रसची माणसं लय मायाळू, घरमालकीण आजी ईदला ताट भरून पाठवायची. त्यांचंही दुःख समजून घ्या. २००४ च्या एप्रिलमधे एकीकरणावर मतदान झालं त्यात उत्तरेने ६५ टक्के हो म्हटलं, दक्षिणेने ७६ टक्के नाही म्हटलं, आणि आठवड्याभरात दक्षिण युरोपियन युनियनमधे गेली. कागदावर अख्खं बेट युनियनमधे आहे पण उत्तरेत युनियनचे कायदे स्थगित. थेट विमानाची वाट ती माणसं अजून बघतायत.

पण आपल्या मुलांना एजंट हे सांगत नाहीत ना. मलाही "युरोप" सांगूनच पाठवलं होतं. निकोसिया शहरही मधोमध वाटलेलं आहे. तिथल्या बाजारात लेद्रा स्ट्रीटवर चेकपोस्ट आहे, पलीकडच्या दक्षिणेतल्या कॅफेतल्या खुर्च्या दिसतात एवढ्या जवळ. माझी जर्मन रूममेट मंडळी पासपोर्ट दाखवून कॉफी प्यायला जायची आणि मी अलीकडे उभा. कारण दक्षिणेच्या सरकारच्या लेखी एर्जानला उतरणं हाच बेकायदा प्रवेश. आपलं हाय कमिशन पण निकोसियातच, पण पलीकडच्या बाजूला. पासपोर्ट संपत आला तेव्हा मला जाता आलं नाही, शेवटी सुट्टीत घरी येऊन नागपूरला रिन्यू केला. मुलगा आजारी पडला, काही झालं, तर हे लक्षात ठेवा.

वाईची_मीनल

बाप रे. एवढं काहीच माहिती नव्हतं. तुम्हा तिघांचे खरंच उपकार. एजंटला आत्ता फोन केला तर म्हणतो आमची युनिव्हर्सिटी दक्षिणेतली आहे, फक्त फ्लाइट तिकडून आहे, मुलगा टॅक्सीने जाईल. हे खरं असू शकतं का? कसं ओळखायचं?

अभिजित_एनजीपी

ताई असं होऊच शकत नाही. दक्षिणेत शिकायचं तर सायप्रस सरकारचा व्हिसा लागतो आणि लार्नाका किंवा पाफोसला उतरावं लागतं. ऑफर लेटर काढा. फोन नंबर प्लस ३५७ ने सुरू होत असेल तर दक्षिण. प्लस ९० ३९२ असेल तर उत्तर. आणि पत्ता बघा, उत्तरेची टपाल तुर्कस्तानमार्गे जाते म्हणून शेवटी "मेर्सिन १०, तुर्की" लिहिलेलं असतं. गावाचं नाव लेफ्कोशा, गिर्ने, गाझीमागुसा (निकोसिया, किरेनिया, फामागुस्ताची तुर्की नावं) असेल तरी उत्तरच.

जहाजी_रत्नागिरी

आणि एजंटने जे फोनवर सांगितलं ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा. लिहून देतो का बघा.

वाईची_मीनल

लेटर काढलं. वरती मोठ्या अक्षरात सायप्रस, आणि अगदी खाली बारीक अक्षरात मेर्सिन १०, तुर्की. फोन प्लस ९० ३९२. एजंटने मेसेज वाचलाय, निळ्या टिका आल्यात, तासभर झाला उत्तर नाही. दाजींना सांगितलंय सोमवारी बँकेत जाऊ नका. भाचा शेजारीच बसलाय, हे सगळं त्याने वाचलं, आता म्हणतोय मावशी त्या ट्रायडेंट विमानाचा फोटो शोधू का.