वर्गणीच्या मोबदल्यात नेमके काय मिळते?

विमान कंपन्यांच्या प्रादेशिक संघटना वर्गणी गोळा करून वार्षिक परिषदा भरवण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत, असा मुद्दा काही जण मांडतात. आफ्रिकन एअरलाइन्स असोसिएशनच्या, म्हणजे ‘आफ्रा’च्या बाबतीत तो मला एकांगी वाटतो. १९६८ मध्ये अक्रा येथे स्थापन झालेल्या आणि नैरोबीत मुख्यालय असलेल्या या संघटनेत इथिओपियन किंवा इजिप्तएअरसारख्या मोठ्या कंपन्यांबरोबर अगदी छोट्या कंपन्याही आहेत, आणि खरा उपयोग होतो तो या छोट्यांनाच.

इंधनाचेच पाहा. चार-पाच विमाने असलेल्या कंपनीला तेल पुरवठादाराशी घासाघीस करण्याची ताकद नसते. अनेक सदस्यांची मागणी एकत्र करून ‘आफ्रा’ निविदा काढते, तेव्हा तीच कंपनी मोठ्या ग्राहकाच्या रांगेत येऊन बसते. (तिकिटांचे दर मात्र असे एकत्र बसून ठरवता येत नाहीत, तिथे स्पर्धा कायदा आडवा येतो, आणि यायलाच हवा.) प्रशिक्षण, आकडेवारी वगैरे सेवा आहेतच.

मर्यादा आहे ती वेगळ्याच ठिकाणी. आफ्रिकी देशांनी एकमेकांच्या विमान कंपन्यांना आपले आकाश खुले करण्याचा करार, म्हणजे यामूसुक्रो निर्णय, १९९९ चा आहे, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी एकसंध हवाई बाजारपेठेची घोषणा व्हायला २०१८ उजाडले. संघटना पाठपुरावा करू शकते, परंतु उड्डाणाचे हक्क सरकारेच देतात, आणि त्यांतील कित्येक सरकारे स्वतःच सदस्य कंपन्यांची मालक आहेत.