मदत हवी आहे: कीबोर्डचा पियानो डब्यासारखा वाजतो, उद्या रात्री प्रयोग आहे

काळी_पाच: नमस्कार मंडळी. ६१ कीचा अ‍ॅरेंजर कीबोर्ड आहे. पियानोचा टोन एकदम डब्यासारखा वाजून राहिला, आवाजाला वजनच नाही. झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भातलं) नाटक आहे, दुसऱ्या अंकात नायिकेच्या गाण्याआधी एकटा पियानो आहे. कोणतं सेटिंग करू? लवकर सांगा.

तर्रीपोहे: मॉडेल?

काळी_पाच: मॉडेल कायले पाहिजे भाऊ? सांगितलं की लोक म्हणतात विकून टाक. सेटिंग सांगा.

सा_रे_गप्प: मग मोघमच सांगतो. पियानोवर कोरस (आवाज जाड करणारा इफेक्ट) असेल तर काढा. ड्युअल व्हॉइस अन् हार्मनी बंद. रिव्हर्ब (घुमारा) अर्ध्यावर. इक्वलायझरमध्ये ३०० हर्ट्‌झच्या आसपास थोडं कमी करा. टच रिस्पॉन्स फिक्स्डवर तर नाही ना? फिक्स्डवर हळू दाबा की जोरात, सूर एकाच जोराने वाजतो. अन् सूर लांबवणारं सस्टेन पेडल आहे का?

लॅपटॉपवाले_भाऊ: कीबोर्डचा टोन वापरूच नका. यूएसबीने लॅपटॉपला जोडा अन् सॅलमँडर ग्रँड पियानो टाका, फुकट आहे. यामाहाच्या सी-५ ग्रँडचं रेकॉर्डिंग, जोराप्रमाणे १६ थर. फक्त एसिओ ड्रायव्हर घ्या, नाहीतर बोट आधी अन् आवाज मागून.

तर्रीपोहे: झाडीपट्टीच्या नाटकात लॅपटॉप? पहाटेपर्यंत प्रयोग चालते. मधेच लाईन गेली म्हणजे?

लॅपटॉपवाले_भाऊ: लॅपटॉपला बॅटरी असते साहेब.

तर्रीपोहे: अन् अ‍ॅम्पला?

गोंदियाकर: मुळात झाडीपट्टीत पियानो कशाला? ऑर्गन अन् तबल्यावर आम्ही रात्र-रात्र नाटकं पाहिली. आता पोट्ट्यांना सगळं सिनेमासारखं पाहिजे.

काळी_पाच: काका, गाणं दिग्दर्शकाने बसवलं आहे, मी नाही. कोरस काढला, रिव्हर्ब कमी केला. मिक्सरवर फरक शून्य.

मिक्सर_काका: मिक्सरवर म्हणता. हेडफोनमध्ये कसा वाजतो?

काळी_पाच: हेडफोनमध्ये मस्त. घरी कीबोर्डच्या स्पीकरवरही ठीक. साउंडवाल्याकडं गेला की बिघडते.

मिक्सर_काका: हे आधी सांगायचं ना राजेहो! वायर कुठून काढली?

काळी_पाच: हेडफोनच्या होलमधून. दोन्हीकडं मोठी पिन. साउंडवालाच देते.

मिक्सर_काका: पिनेवर काळे पट्टे किती? अन् बासरीचा टोन लावून पाहा.

काळी_पाच: पट्टे दोन. बासरी तर ऐकूच येत नाही, व्हॉल्यूम फुल करावा लागते. पण बासरीचं कोण विचारून राहिलं?

मिक्सर_काका: मी विचारून राहिलो. दोन पट्टे म्हणजे स्टिरिओ पिन. मिक्सरच्या त्या चॅनलचं इनपुट बॅलन्स्ड असते, ते डाव्यातून उजवा वजा करते. दोन्ही बाजूंना जे सारखं आहे ते सगळं उडून जाते. बासरी मधोमध, म्हणून जवळपास गायब. पियानो स्टिरिओत रेकॉर्ड केलेला असते, म्हणून दोन बाजूंतला फरक तेवढा पातळसा उरते. हे सेटिंगने सुधरत नाही. एका स्टिरिओ पिनेतून दोन मोनो (एका पट्ट्याच्या) पिना निघतात ती वाय वायर घ्या. दोन चॅनल, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे.

सा_रे_गप्प: मंडपात साउंड मोनोच असतो, म्हणजे सगळ्या स्पीकरांत एकच आवाज. तिथे दोन्ही बाजू पुन्हा एकत्र होतील अन् पियानो पोकळ वाजेल. नुसता डावा लावा.

मिक्सर_काका: नुसत्या डाव्यात वरचे सूर दबतात.

सा_रे_गप्प: दबू द्या. पोकळ पियानोपेक्षा बरं.

गोंदियाकर: ऑर्गनला वायरच लागत नव्हती.

लॅपटॉपवाले_भाऊ: लॅपटॉपच्या हेडफोन होलमधून काढलं तरी हीच भानगड होते म्हणा. ऑडिओ इंटरफेस (यूएसबीचं वेगळं साउंड कार्ड) घ्या, मी तोच वापरतो.

काळी_पाच: इंटरफेस राहू द्या. वडशावरून वाय वायर आणली. दोन्ही चॅनल लावले तर सा_रे_गप्प म्हणतात तसंच पोकळ. नुसता डावा ठेवला, वजन आलं. बासरीही आली. पेडलही घेतलं, पण ते उलटं चालून राहिलं: पाय काढला की सूर लांबतात.

तर्रीपोहे: कीबोर्ड चालू करताना पाय पेडलवर होता का? बंद करा, पाय बाजूला घ्या, मग चालू करा. बरेचसे कीबोर्ड त्याच वेळी पेडलची सुलट-उलट ठरवतात.

काळी_पाच: जमलं. पण साउंडवाला त्याची जुनी वायर परत मागून राहिला.

मिक्सर_काका: द्या त्याला. फक्त नाटक संपल्यावर.